बोडनझेकाठी एक हिवाळा : कोन्स्टान्झला ऑक्टोबर ते मार्च राहण्याची तयारी

शेवग्याची शेंग
दक्षिण जर्मनीत, बोडनझे तळ्याच्या काठी कोन्स्टान्झला ऑक्टोबरअखेर ते मार्चअखेर दोघांचं राहणं ठरलंय. विद्यापीठातलं काम, व्हिसा राष्ट्रीय 'डी'. जर्मन भाषा बी१पर्यंत आहे. राहायची जागा अजून पक्की नाही. फोटोंमध्ये निळं तळं आणि मागे बर्फाचे आल्प्स दिसतात. हिवाळ्यात रोजचं चित्र तसंच असतं का? घर बघताना काय विचारायचं, पुण्याहून काय न्यायचं आणि काय अजिबात न्यायचं नाही, हे नेमकं हवंय. 'खूप मजा करा' छाप प्रतिसाद नकोत, कृपया.

तळ्याकाठी
फोटो मे महिन्यातले असतात, नाहीतर फ्योन सुटलेल्या दिवसाचे. फ्योन म्हणजे आल्प्सवरून दक्षिणेकडून उतरणारा कोरडा, उबदार वारा. तो आला की डोंगर हात लावण्याइतके जवळ दिसतात. तो नसेल तर नोव्हेंबर ते जानेवारी या काळात सलग आठ-दहा दिवस राखाडी छत डोक्यावर असतं आणि समोरच्या काठावरचं मेर्सबुर्ग गावसुद्धा दिसत नाही.

थंडीची धास्ती घेऊ नका. तळ्याच्या पाण्यामुळे तापमान फार खाली जात नाही. जानेवारीत बहुतेक दिवस उणे ३ ते अधिक ५ यांच्यामध्ये. उणे १० क्वचित. बर्फ पडतो, पण काठावर फार दिवस टिकत नाही. त्रास होतो तो ओलीचा आणि उजेड नसण्याचा. २१ डिसेंबरला सूर्य आठ वाजून गेल्यावर उगवतो आणि साडेचारच्या सुमारास मावळतो. भर दुपारी तो क्षितिजापासून जेमतेम १९ अंश वर असतो (पुण्यात त्याच दिवशी ४८ अंश). म्हणजे चार मजली इमारतीच्या उत्तरेला तळमजल्यावर घर घेतलंत तर दोन महिने खिडकीत ऊन म्हणून पडणार नाही. घर बघताना पहिला प्रश्न हा.

जर्मनीत ऑक्टोबर ते मार्च त्वचेत पुरेसं ड जीवनसत्त्व तयार होत नाही. ऊन तेवढं तिरपं असतं. तिथली पोषणसंस्था अशा वेळी रोज २० मायक्रोग्रॅम, म्हणजे ८०० युनिट, धरते. आपल्याकडे मिळणारी ६०,००० युनिटची आठवडी गोळी स्वतःच्या मनाने सुरू करू नका; निघण्यापूर्वी रक्ततपासणी करून डॉक्टरांना विचारा.

वाफारा
धुक्याचं थोडं विस्ताराने लिहितो, कारण त्यावरून शनिवार-रविवार ठरतात.

तळ्याचं क्षेत्रफळ ५३६ चौरस किलोमीटर, सर्वांत खोल जागी २५१ मीटर. उन्हाळाभर साठवलेली उष्णता ते हिवाळ्यात हळूहळू सोडतं, सोबत बाष्पही. आजूबाजूचा खोलगट भाग थंड, जड हवेने भरतो. वर तुलनेने उबदार हवेचं झाकण बसतं. बाष्प अडकतं. झालं होखनेबेल, म्हणजे जमिनीपासून थोडं वर तरंगणारं धुक्याचं छत. खाली अंधारलेलं, वर लख्ख ऊन.

तेव्हा उपाय एकच, वर चढणे. पण किती वर, ते वाऱ्यावर अवलंबून. वारा शांत असेल तर छताचा माथा साधारण ७०० ते ९०० मीटरवर असतो. मग ब्रेगेन्झजवळचा १०६४ मीटरचा फेंडर डोंगर पुरतो. काही दिवशी मेर्सबुर्ग बाजूच्या हायलिगेनबेर्गलाही ऊन मिळून जातं. मात्र 'बीझे' हा ईशान्येचा बोचरा वारा सुटला की माथा वर सरकतो, १२०० मीटरच्याही पुढे. त्या दिवशी फेंडरला जाणं म्हणजे तिकीट काढून धुक्यात उभं राहणं. बीझे असेल तर थेट सेंटिस शिखर, २५०२ मीटर, श्वेगआल्पहून रोपवे. दोन्ही रोपवे देखभालीसाठी वर्षातून काही दिवस बंद असतात, तेही पर्यटकांची गर्दी नसताना; म्हणून निघण्यापूर्वी वेळापत्रक आणि शिखरावरचा वेबकॅम, दोन्ही पाहा. वेबकॅममध्ये पांढरा पडदा दिसला तर घरी बसा, पोहे करा.

भाडेकरू
घराबद्दल. कोन्स्टान्झ विद्यार्थ्यांचं शहर, त्यात एका बाजूला तळं आणि दुसऱ्या बाजूला स्वित्झर्लंडची हद्द. पसरायला जागाच नाही. ऑक्टोबरमध्ये सत्र सुरू होतं तेव्हा मारामारी असते. पाच महिन्यांसाठी दोन वाटा:

एक, त्स्विशनमीटे. मूळ भाडेकरू परगावी जातो आणि घरमालकाच्या संमतीने तुम्हाला राहायला देतो. संमती लेखी मागा.

दोन, फेरिएनवोनुंग, म्हणजे सुट्टीतल्या पर्यटकांसाठीची सुसज्ज घरं. मेर्सबुर्ग, युबरलिंगन, राइखेनाऊ बेट, आलेन्सबाख इथली अशी घरं नोव्हेंबर ते मार्च रिकामी असतात, मालक महिन्याच्या दराने द्यायला तयार होतात. पण खाचखळगे आहेत. ही घरं उन्हाळ्यासाठी बांधलेली असतात, भिंती पातळ. हिवाळ्यात अशा गावांत निम्मी हॉटेलं बंद, संध्याकाळनंतर बस तुरळक. आणि सगळ्यात महत्त्वाचं, मालक 'वोनुंग्सगेबरबेश्टेटिगुंग' (तुम्ही इथे राहायला आलात असं घरमालकाचं पत्र) देणार का, हे आधी विचारा. ते नसेल तर नगरपालिकेत आनमेल्डुंग (पत्त्याची नोंदणी) होत नाही, आणि आनमेल्डुंगशिवाय बँक आणि राहण्याचा परवाना, दोन्ही कामं अडतात. नोंदणी राहायला आल्यापासून दोन आठवड्यांत करायची असते. भेटीची वेळ भारतातूनच ऑनलाइन घेऊन ठेवा.

जाहिरातीत दोन आकडे असतात. काल्टमीटे म्हणजे नुसतं भाडं, वार्ममीटे म्हणजे त्यात हीटिंग, पाणी, कचरा वगैरे धरून. वीज आणि इंटरनेट बहुधा दोन्हींत नसतं. अनामत जास्तीत जास्त तीन काल्टमीटे, त्यापुढे कायद्याने मागता येत नाही. घर न बघता, 'मी परदेशात आहे, चावी कुरिअरने पाठवतो' म्हणणाऱ्याला एक सेंटही पाठवू नका. यात पैसे परत मिळत नाहीत.

रेडिओ-टीव्हीची वर्गणीही धरा. घरटी महिना १८.३६ युरो, टीव्ही असो वा नसो. नोंदणी झाली की पत्र आपोआप येतं. त्याच घरात दुसरं कोणी भरत असेल तर त्यांचा वर्गणी क्रमांक कळवायचा, दुहेरी भरायची नाही.

शेवग्याची शेंग
आभार! राइखेनाऊवर एक घर दिसतंय, भाडं बरंच कमी. जाहिरातीत 'नाख्टश्पायशरहाइत्सुंग, वीज वेगळी' असं आहे. म्हणजे काय?

भाडेकरू
म्हणजे भाडं कमी का ते कळलं. हे विजेचे हीटर, आत विटांसारखे ठोकळे. रात्री तापतात, दिवसभर उष्णता सोडतात. पूर्वी रात्रीची वीज स्वस्त होती तेव्हा परवडायचे. आता खर्च तुमच्या माथी, आणि संध्याकाळी सहाला, नेमकं तुम्ही घरी येता तेव्हा, ठोकळे कोमट झालेले असतात. मालकाकडे मागच्या हिवाळ्याचं वीजबिल मागा, युनिटचा आकडा पाहा. दाखवत नसेल तर सोडून द्या.

फिरता इलेक्ट्रिक हीटर आणून भागवू म्हणणाऱ्यांसाठी: २ किलोवॅट, रोज ५ तास, म्हणजे १० युनिट. ३५ सेंट दर धरला तर दिवसाला साडेतीन युरो, महिन्याला शंभरच्या वर. एका खोलीचे.

वाफारा
साधा पाण्याचा रेडिएटर असलेलं घर मिळालं तर त्याच्या खुंटीवरचे आकडे समजून घ्या. तो पंख्याचा रेग्युलेटर नाही. आत तापमान ओळखणारा भाग असतो; आकडा म्हणजे तुम्हाला हवं असलेलं खोलीचं तापमान. बर्फाच्या चांदणीचं चिन्ह साधारण ६ अंश (पाइप गोठू नये म्हणून), १ म्हणजे १२, २ म्हणजे १६, ३ म्हणजे २०, ४ म्हणजे २४, ५ म्हणजे २८. थंडीतून आल्यावर ५ वर फिरवल्याने खोली लवकर तापत नाही. तीनवर ठेवा किंवा पाचवर, २० अंशांपर्यंत वेळ तेवढाच लागतो. पाचवर विसरलात तर ती पुढे २८पर्यंत तापत राहते, एवढाच फरक. खुंटीवर पडदा किंवा पुढ्यात सोफा आला तर तिला वाटतं खोली तापली, आणि ती बंद होते. 'रेडिएटर बिघडलाय' या तक्रारींचं हे नेहमीचं कारण.

वरचा भाग थंड, खालचा गरम आणि गुळगुळ आवाज असेल तर आत हवा अडकली आहे. चौकोनी भोकाची छोटी किल्ली हार्डवेअरच्या दुकानात एक-दोन युरोला मिळते. खुंटी पूर्ण उघडा, बाजूच्या झडपेखाली कप धरा, किल्ली पाव वळण फिरवा, फुस्स थांबून पाण्याची धार लागली की बंद. इमारतीत सामायिक बॉयलर असेल तर आधी हाउसमाइस्टरला (इमारतीची देखभाल करणाऱ्याला) सांगा, कारण पाण्याचा दाब कमी झाला तर तो त्यांनाच वाढवावा लागतो.

बाहेर जाताना, अगदी आठवडाभर गेलात तरी, चांदणीवर आणू नका. दीड किंवा दोनवर ठेवा. भिंती गार पडल्या की बुरशी आलीच.

कडीकोयंडा
बुरशीवरून आठवलं. सगळे जर्मन घरमालक 'खिडक्या उघडा, खिडक्या उघडा' करतात. बाहेर धुकं, म्हणजे आर्द्रता १०० टक्के. ती हवा आत घेतल्याने घर कोरडं कसं होणार? उलट गरम केलेली हवा बाहेर जाते. हे मला कधीच पटलेलं नाही. दमट हवेत खिडक्या लावून घ्याव्यात, कोकणात पावसाळ्यात तेच करतात.

वाफारा
@कडीकोयंडा, प्रश्न रास्त आहे, पण कोकणात बाहेरची हवा २५ अंशांची असते, इथे २. आकडे मांडू.

२ अंशांची हवा पूर्ण ओली असली तरी एका घनमीटरमध्ये साडेपाच ग्रॅमच बाष्प मावतं. हीच हवा आत घेऊन २० अंशांपर्यंत तापवली की तिची क्षमता १७ ग्रॅमच्या वर जाते, बाष्प मात्र साडेपाचच. म्हणजे आर्द्रता ३२ टक्क्यांवर आली. धुक्यातली हवा आत आल्यावर कोरडी होते, ती अशी.

आता तुमची खोली. ३० चौरस मीटर, उंची अडीच, म्हणजे ७५ घनमीटर. आत २० अंश आणि ६० टक्के आर्द्रता असेल तर दर घनमीटरला साडेदहा ग्रॅमच्या आसपास बाष्प. हवा एकदा पूर्ण बदलली की दर घनमीटरमागे जवळपास ५ ग्रॅम बाहेर, एकूण साडेतीनशे ग्रॅमच्या वर. पाव लिटरहून जास्त पाणी पाच मिनिटांत गेलं. खर्च? तेवढी हवा पुन्हा १८ अंशांनी तापवायला अर्ध्या युनिटपेक्षा कमी ऊर्जा लागते. गॅस हीटिंग असेल तर पाच-सहा सेंट.

पद्धत अशी: रेडिएटर बंद, समोरासमोरच्या खिडक्या सताड उघड्या, ५ मिनिटं, बंद, रेडिएटर परत चालू. दिवसातून तीन-चार वेळा. याला श्टोसल्युफ्टन म्हणतात. खिडकी वरून कलती करून तासन्‌तास ठेवणं मात्र चुकीचं. त्यात हवा फारशी बदलत नाही आणि खिडकीभोवतीची भिंत गार पडते, नेमकी तिथेच काळे ठिपके येतात.

आणि भिंत ओली दिसण्याची वाट पाहू नका. २० अंश आणि ६० टक्के आर्द्रतेला दव १२ अंशांवर सुटतं, पण बुरशीला दव लागत नाही. पृष्ठभागाजवळ ८० टक्के आर्द्रता पुरते. ती स्थिती भिंत १५-१६ अंशांवर आली की येते. जुन्या इमारतीत बाहेरच्या भिंतीचा कोपरा हिवाळ्यात सहज तेवढा गार असतो. म्हणून कपाट बाहेरच्या भिंतीला चिकटवायचं नाही, ५ ते १० सेंटिमीटर फट ठेवायची. दहा-पंधरा युरोचं आर्द्रतामापक घ्या आणि ४० ते ६० टक्क्यांत राहा.

कडीकोयंडा
आकड्यांपुढे बोलणं खुंटलं. पण मग घरात कपडे वाळवायचे की नाही?

वाफारा
मशीनच्या एका खेपेचे कपडे दीड-दोन लिटर पाणी हवेत सोडतात. वरच्या हिशोबाने चार ते सहा वेळा खिडक्या उघडाव्या लागतील. तळघरात वाळवणीची खोली (ट्रॉकनराउम) असेल तर तिथेच. नसेल तर मशीनमध्ये १४०० फेऱ्यांवर पिळून, एकाच खोलीत, दार लावून, आणि ती खोली गरम ठेवून. बेडरूम थंड ठेवून त्यात वाळवणं सर्वांत वाईट.

तळहाताएवढा डाग दिसला तर ७० टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, हातमोजे घालून, खिडकी उघडून, आसपास ज्योत नसताना. कोरड्या फडक्याने घासू नका, बीजाणू उडतात. अर्ध्या चौरस मीटरहून मोठा असेल तर फोटो काढून घरमालकाला ताबडतोब लेखी कळवा. नाहीतर अनामत परत घेताना 'तुम्ही हवा खेळती ठेवली नाहीत' हे ऐकून घ्यावं लागेल.

जिरेसाळ
स्वयंपाकघरात येऊ का? वरच्याच विषयाला धरून: चुलीवरच्या चिमणीला बाहेर जाणारा पाइप आहे का ते पाहा. बऱ्याच भाड्याच्या घरांत 'उमलुफ्ट' प्रकार असतो. तो हवा कोळशाच्या जाळीतून गाळून परत खोलीत सोडतो. फोडणीचा वास कमी होतो, कुकरची वाफ तशीच राहते. म्हणजे भात झाला की खिडकी. बेडरूम आणि पॅसेजमध्ये धूरसूचक असणं बाडेन-व्युर्टेम्बेर्ग राज्यात सक्तीचं आहे. मिरचीची फोडणी करताना स्वयंपाकघराचं दार लावा, सूचकाची बॅटरी काढू नका.

शेगडी इंडक्शन आहे की साधी काचेची, हे आधी विचारा. इंडक्शनवर ॲल्युमिनियमचा कुकर चालत नाही. तव्याला चुंबक चिकटलं तर चालेल. काचेच्या शेगडीवर बुडाशी खोलगट झालेला तवा टेकत नाही, पोळी मधे कच्ची राहते.

पीठ: पाकिटावरचा 'टाइप' म्हणजे १०० ग्रॅम पिठात किती मिलिग्रॅम राख उरते तो आकडा. ४०५ म्हणजे आपला मैदा. पोळीला गव्हाचं १०५० घ्या, थोडं फोल्कोर्न (अख्ख्या धान्याचं पीठ) मिसळा. इंडियन-एशियन दुकानात आटा मिळतो, पण दर आठवड्याला तेवढ्यासाठी जायला नको.

मसाल्यात एकच मोठी फसगत आहे. 'क्युमेल' म्हणजे जिरं नव्हे! दिसायला तसंच, वास मात्र राय ब्रेडचा. आमटी वाया जाते. जिरं म्हणजे 'क्रॉइत्सक्युमेल'. मेथ्या 'बॉक्सहोर्नक्ले'. तूप 'बुटरश्माल्त्स' या नावाने तयार मिळतं, किंवा मिठाशिवायच्या २५० ग्रॅम लोण्याचं घरी कढवून २०० ग्रॅमच्या आसपास होतं.

आणायचं काय: हिंग, गोडा मसाला, कोकम (तिथे शोधून सापडत नाही), चिंच थोडी, छोटा कुकर आणि त्याचं जादा रबर. आणायचं नाही ते: तूप, खवा, पेढे, पनीर, सुका बोंबील सोडून कसलंही मांस. दुग्ध आणि मांसपदार्थ सामानातून नेण्याला युरोपीय संघात आणि स्वित्झर्लंडमध्येही बंदी आहे, त्यामुळे झुरिकमार्गे गेलात तरी सुटका नाही. ताजा कढीपत्ताही प्रमाणपत्राशिवाय चालत नाही. वाळवून पूड करून न्या.

दही: ३.५ टक्के फ्रिशमिल्श (ताजं दूध) आणि विरजणाला साधं नाटुअरयोगुर्ट. २० अंशांच्या खोलीत ते रात्रभरात लागणार नाही. ओव्हन चालू न करता फक्त आतला दिवा लावा, भांडं आत ठेवा. ८ तासांत लागतं. इडलीच्या पिठाला १४-१६ तास धरा. दिव्याची उष्णता कमी पडली तर शेजारी गरम पाण्याची बाटली.

भाजी राइखेनाऊची घ्या, बेट भाजीसाठीच प्रसिद्ध. हिवाळ्यात फेल्डसालाट (कच्ची खायची कोवळी पालेभाजी), विर्सिंग (सुरकुतलेल्या पानांचा कोबी; झुणक्यात उत्तम), होक्काइदो भोपळा. याची साल काढायची नसते.

मासे खाणाऱ्यांसाठी: इथला मानाचा मासा फेल्शन. पण त्याची संख्या इतकी घटली की २०२४ च्या सुरुवातीपासून तीन वर्षांसाठी ओबरझेमध्ये (तळ्याच्या मुख्य, मोठ्या भागात) त्याच्या मासेमारीवर बंदी घातली गेली. पाणी स्वच्छ झाल्याने अन्न कमी, वर स्टिकलबॅक हे छोटे मासे आणि क्वागा शिंपल्यांचं आक्रमण. तेव्हा मेनूवर फेल्शन दिसला तर 'कुठला?' असं जरूर विचारा.

सायकलस्वार
मुक्काम शहरात असेल तर सायकल पुरते. पण दिवे नीट हवेत. साडेचारला अंधार, वर धुकं. पोलीस थांबवतात. मीठ आणि खडी टाकलेल्या रस्त्यांमुळे साखळी दोन आठवड्यांत गंजते. कोमट पाण्याने पुसून तेल द्या. टायरमधली हवा थोडी कमी ठेवा, पकड वाढते. पहाटे ऱ्हाइनवरच्या पुलावर सर्वांत आधी बर्फाचा पारदर्शक थर बसतो, कारण पुलाला खालूनही गार वारा लागतो. तिथे ब्रेक दाबू नका आणि वळू नका, सरळ निघून जा. 'आइसरेगेन'चा (जमिनीवर पडताच गोठणाऱ्या पावसाचा) इशारा असेल त्या दिवशी सायकल घरी.

बस-रेल्वेसाठी डॉइचलान्डटिकेट, म्हणजे देशभर चालणारा मासिक पास. जानेवारी २०२६ पासून महिना ६३ युरो. शहरातल्या बस आणि एंगनपर्यंतची झेहास लोकल त्यात. महिना संपताच बंद करायचं असेल तर त्याच महिन्याच्या १० तारखेपर्यंत रद्द करावं लागतं. मार्चचं ११ तारखेला आठवलं तर एप्रिलचेही पैसे गेले. स्विस बाजूला ते धरू नका. झुरिकची थेट गाडी सव्वा तासाची आहे, तिचं तिकीट वेगळं.

तळ्यावरची पांढरी पर्यटक जहाजं हिवाळ्यात जवळपास बंदच. पण कोन्स्टान्झमधल्या श्टाडहून मेर्सबुर्गला जाणारी फेरी बोट वर्षभर, दिवसरात्र चालते. पाव तासाचा प्रवास. १ नंबरची बस थेट धक्क्यावर जाते.

काठावर नारिंगी दिवे लुकलुकताना दिसतील. मिनिटाला ४० वेळा म्हणजे जोराच्या वाऱ्याची सूचना, ९० वेळा म्हणजे वादळाचा इशारा. नौकांसाठी असले तरी धक्क्यावर फिरणाऱ्यांनीही वाचायला शिकावेत.

तळ्याकाठी
@सायकलस्वार, हद्दीचा विषय निघाला म्हणून. जुनं शहर आणि स्विस क्रोइत्सलिंगन यांच्यात रस्ता ओलांडण्याइतकंच अंतर. फोन आपोआप स्विस नेटवर्क पकडतो, आणि युरोपीय संघातलं फुकट रोमिंग स्वित्झर्लंडला लागू नाही. घरात बसल्या बसल्या बिल येतं. सिम घेतल्या दिवशी 'नेटवर्क आपोआप निवडा' बंद करा आणि जर्मन कंपनी हाताने निवडा. पलीकडे पाय ठेवताना पासपोर्ट आणि परवाना खिशात. तपासणी अधूनमधून होते.

खरेदी: शनिवारी दुपारी दुकानांत जाऊ नका. स्विस लोक जर्मन दरांसाठी येतात आणि ५० युरोंच्या वरच्या खरेदीवर कर परत मिळवायचे कागद भरून घेतात, त्यामुळे रांगा सरकत नाहीत. मंगळवार-बुधवार सकाळ उत्तम. रविवारी सगळं बंद, हे ठाऊक असेलच. ६ जानेवारीची सुट्टी मात्र नवख्यांना ठाऊक नसते: या राज्यात बंद, क्रोइत्सलिंगनला उघडं. उलट २ जानेवारीला इथे उघडं, तिथे बंद. २४ डिसेंबरच्या दुपारपासून २६ पर्यंतचा किराणा आधीच भरून ठेवा.

फेब्रुवारीत फास्नाख्त, म्हणजे तिथला कार्निव्हल, येतो. राख-बुधवारच्या (ख्रिस्ती उपवासकाळाच्या पहिल्या दिवसाच्या) आधीच्या गुरुवारी, श्मोत्सिगर डुन्श्टिगला, पहाटेपासून ढोल, संध्याकाळी पांढऱ्या झब्ब्यांतल्या मिरवणुका. त्या दिवशी सरकारी कचेरीत काम ठेवू नका आणि टाय घालू नका. बायका कात्रीने कापतात.

जिरेसाळ
टाय कापण्याला +१. :)

वाफारा
कपड्यांचं कोणी लिहिलं नाही. पुण्याहून जाड लेदर जॅकेट आणू नका. ओलं होतं, जड होतं, वाळत नाही. अंगालगत मेरिनो किंवा पॉलिएस्टर थर्मल (सुती नको, घाम धरून ठेवतं), वर फ्लीस किंवा लोकर, बाहेर वारा आणि पाणी अडवणारं पातळ आवरण. हे तिसरं आणि बूट तिथेच घ्या. बूट अर्धा नंबर मोठे, जाड मोज्यासकट घालून बघून. घट्ट बुटात हवेचा थर उरत नाही आणि पाय गारठतात. ओले बूट रेडिएटरवर ठेवू नका, तळव्याचा गोंद सुटतो. वर्तमानपत्राचे बोळे भरा, दोन तासांनी बदला.

भाडेकरू
एक राहिलं. करारात 'रॉइमफ्लिश्ट' किंवा 'विंटरडीन्स्ट' असा शब्द असेल तर फुटपाथवरचा बर्फ काढण्याची पाळी तुमच्यावर आहे, बहुधा आठवडा वाटून दिलेला असतो. सकाळी लोक कामाला निघण्यापूर्वी झालेलं हवं. मीठ टाकायला बऱ्याच ठिकाणी मनाई असते, खडी किंवा वाळू चालते. तुमच्या आठवड्यात कोणी घसरून पडलं तर भरपाई अंगावर येऊ शकते. त्यासाठी आणि हरवलेल्या चावीसाठी हाफ्टफ्लिश्ट विमा (आपल्यामुळे दुसऱ्याचं झालेलं नुकसान भरून देणारा) काढा.

कडीकोयंडा
तळं गोठतं का? त्यावर चालता येतं असं ऐकलंय.

तळ्याकाठी
पूर्ण तळं शेवटचं गोठलं १९६३ मध्ये. तेव्हा संत योहानची मूर्ती हाग्नाऊहून बर्फावरून मिरवत पलीकडे म्युन्स्टरलिंगनला नेली. प्रथा अशी की पुढच्या वेळी तळं गोठेपर्यंत ती तिथेच राहणार. अजून तिथेच आहे. राइखेनाऊ आणि आलेन्सबाखच्या मधला ग्नाडेनझे उथळ असल्याने अधूनमधून गोठतो. तरी पालिकेने जाहीर केल्याशिवाय पाऊल ठेवू नका. साचलेल्या पाण्यावर बर्फ किमान १५ सेंटिमीटर हवा. लव्हाळ्यांजवळ आणि प्रवाह येतो तिथे तो कायम पातळ असतो.

शेवग्याची शेंग
नाख्टश्पायशरवालं घर रद्द केलं. आर्द्रतामापक यादीत आलं. शेवटचा प्रश्न: मार्चमध्ये निघताना काय?

भाडेकरू
देश सोडत असाल तर आबमेल्डुंग, म्हणजे पत्त्याची नोंदणी रद्द, करावी लागते. घर सोडण्याच्या आधी एक आठवडा ते नंतर दोन आठवडे, या काळात. तो कागद स्कॅन करून ठेवा. रेडिओ-टीव्हीची वर्गणी, विमा आणि फोन बंद करायला तोच लागतो. वीज आणि हीटिंगच्या मीटरचे आकडे घरमालकासमोर लिहून दोघांच्या सह्या. हीटिंगचा हिशेब वर्ष संपल्यावर येतो, आणि तो पाठवायला मालकाला त्यानंतर बारा महिने मुदत असते. त्यासाठी तो अनामतीतला काही भाग अडकवून ठेवू शकतो, म्हणून जर्मन बँक खातं लगेच बंद करू नका.

सायकलस्वार
आणि मार्चच्या शेवटच्या रविवारी पहाटेची गाडी असेल तर लक्षात ठेवा, त्या रात्री दोनचे एकदम तीन वाजतात. फोन बदलतो, ओव्हनचं घड्याळ बदलत नाही.